वेदीवरच्या तेरा चिठ्ठ्या

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. भरलेल्या गाड्यांतून सुटलेला कापूस काट्यांना अडकतो, दोन दिवसांत धुळीने मळतो आणि पुढच्या गाडीबरोबर त्यावर नवा थर चढतो. जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत हे असेच दिसते. पिंप्राळ्यात आमच्या घरावरून या आठवड्यात गाड्या जाऊ लागल्या. याच आठवड्यात अक्काला ताप आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तरी बाभळीवरचा कापूस आणि अंथरुणातली अक्का एकदम दिसल्यावर मला दहा वर्षांपूर्वीचा एक हंगाम आठवला. त्या हंगामाबद्दल मी त्या वेळी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या छापून आल्या. त्या खऱ्या नव्हत्या.

साठचे दशक संपत आले होते. मी जळगावात एका दैनिकात वार्ताहर होतो आणि दैनिकाच्या कचेरीजवळच खोली घेऊन राहत होतो. आबा आणि अक्का धुळ्याला, मिशनच्या आवारातल्या दोन खोल्यांत. आबा म्हणजे आमचे वडील. तीस वर्षे त्यांनी प्रचारकाचे काम केले. साक्री आणि शिरपूरकडच्या खेड्यांत सायकलवरून जायचे, ओट्यावर बसून येशूच्या गोष्टी सांगायच्या, संध्याकाळी परत. एकसष्टाव्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आई त्याआधीच वारली होती. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचे लग्न ठरत होते, ते त्या महिन्यात थांबले आणि मग कोणी तो विषय काढला नाही.

झटक्यानंतर आबांची भाषा बदलली. व्यासपीठावरचे शुद्ध मराठी गेले, आईच्या मांडीवर शिकलेली अहिराणी तेवढी राहिली. जीभ जड होती, पण शब्द कळत. दाराशी पाऊल वाजले की ते विचारीत, "कोन शे?" उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहत.

अक्काचा दिवस मला पाठ आहे, कारण मी तो सुट्टीत बसून पाहिलेला आहे. पहाटे पाचला लघवीचे भांडे देणे, अंग पुसणे, चादर बदलणे. दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, नाहीतर पाठीला जखमा होतात. पाठीला स्पिरिट, मग पावडर. दुधात कुस्करलेली भाकरी चमच्याने, एकेक घास, गिळला की नाही ते गळ्याकडे पाहून. रोज दोन चादरी धुवायच्या, श्रावणात चुलीवर वाळवायच्या. पुरी आंघोळ फक्त रविवारी, कारण न्हाणीपर्यंत उचलायला दोन माणसे लागत आणि रविवारी मी येण्याची शक्यता असे. कचेरीत कोणी विचारले, "तुमची बहीण काय करते?" तर मी सांगत असे, "काही नाही, घरीच असते."

चर्चची मंडळी येत असे, नाही असे नाही. बुधवारी दुपारी सात-आठ बाया प्रार्थनेला येत. खाटेभोवती सतरंजी पसरली जाई, दोन गीते होत, मग लांब प्रार्थना. प्रार्थनेत आबांचे नाव असे, त्यांच्या सेवेचे वर्ष असे, प्रभूच्या इच्छेचा उल्लेख असे. अक्का त्या वेळी आत चहा करत असे. शाळेच्या हेडमास्तरांची बायको, जिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, ती मान वळवून सांगे, "एक कप बिनसाखरेचा ठेव गं, आमच्या ह्यांना साखर चालत नाही."

"ते आलेत कुठे?" अक्का आतून विचारी.

"येतील ना मागून."

"मग त्यांचा चहापण मागूनच करते."

बाया हसत. अक्काही हसे. मग सगळ्या जात आणि आठ कप उरत.

पाळकांना, म्हणजे चर्चच्या पाद्रींना, आम्ही नाना म्हणत असू. माणूस वाईट नव्हता. आबांच्या खाटेशी बसून ते नेहमी एकच गोष्ट सांगत: गर्दीमुळे दारातून जाता येईना म्हणून चार माणसांनी एका लुळ्या माणसाची बाज छपरावर चढवली, छप्पर उसकले आणि त्याला येशूसमोर खाली सोडले. नाना लुळ्या माणसाच्या विश्वासाबद्दल बोलत. एकदा अक्का चादर पिळत होती, ती तशीच ओल्या हातांनी दारात उभी राहिली.

"नाना, त्या चौघांची नावं काय होती?"

"नावं दिलेली नाहीत, बेटा."

"चौघं होते म्हणून छपरावर चढता आलं. एकटा असता तर बाज घेऊन दारातच बसला असता. मग गोष्टच झाली नसती."

पुढच्या रविवारी नानांनी हेच वाक्य उपदेशात वापरले. कोणाचे ते सांगितले नाही.

त्या वर्षी चाळीसगावला बालवाडी शिक्षिकांसाठी तीन महिन्यांचा वर्ग निघाला होता. तो पुरा करणाऱ्या बाईला लगेच नेमणूक मिळे. अट एकच होती, वय तिसाच्या आत. अक्काला मार्चमध्ये तीस पुरी होणार होती. तिने अर्ज कोणाला न सांगता केला आणि बोलावणे आल्यावर मला पत्र लिहिले. पत्रात एवढेच होते: सकाळी सातची गाडी, संध्याकाळी सहाला परत, सोमवार ते शनिवार. आबांचे काय करायचे ते कळव.

मी नानांशी बोललो. नानांना ती चौघांची गोष्ट आठवली असावी. ते म्हणाले, "हंगामाच्या सणाला मंडळीसमोर मांडू."

हंगामाचा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असे. ज्यांची शेती ते ज्वारीची कणसे, बाजरी, भुईमूग, कापसाची बोंडे आणत. वेदीपुढे सगळे रचले जाई आणि चर्चमध्ये शेताचा वास येई. पण आमच्या मंडळीत निम्मे लोक शिक्षक, कंपाउंडर, कारकून. त्यांच्याकडे पीक कुठले? त्यांच्यासाठी जुन्या काळापासून एक रीत होती. ज्याच्याकडे पीक नाही त्याने श्रम द्यावेत: आपण काय करू ते चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकावे. कोणी चर्चला चुना देण्याचे लिही, कोणी विहिरीतला गाळ काढण्याचे. त्या वर्षी नाना म्हणाले की आपण आपले वार आबांच्या लेकीला देऊ. सकाळचा एक, दुपारचा एक, सहा दिवस.

लोक उठले. मला तो प्रसंग स्पष्ट दिसतो, कारण तो खरोखर चांगला होता. मास्तरीणबाई पहिल्या उठल्या. पेटी वाजवणारे दाऊदभाऊ उठले. काहींचे डोळे भरून आले होते. बारा चिठ्ठ्या झाल्या. तेरावी मी टाकली. मी तिच्यावर लिहिले, 'रविवार'. नानांनी टोपली दोन्ही हातांनी उचलली, वर धरली आणि अर्पण म्हणून तिच्यावर प्रार्थना केली. सगळे "आमेन" म्हणाले.

अक्का शेवटच्या बाकावर होती. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "शमू, त्या चिठ्ठ्या मागून घे. कोणाचा वार कुठला ते मला कागदावर पाहिजे."

मी नानांकडे गेलो. नाना सौम्य हसले. "अर्पण केलेलं परत मागतात का? प्रभूला माहीत आहे ना." टोपली चर्चच्या कपाटात गेली आणि कुलूप लागले. ज्याने त्याने आपला वार लक्षात ठेवायचा होता. मी वाद घातला नाही. मला शेवटची बस गाठायची होती, आणि बसमध्ये मी बातमी जुळवत होतो.

बातमी मंगळवारी आली. 'धुळे येथील ख्रिस्ती मंडळीने एका वृद्ध प्रचारकाच्या शुश्रूषेचा भार आपसांत वाटून घेतला असून त्यांच्या कन्येस शिक्षणासाठी मोकळीक मिळाली आहे. हा उपक्रम अनुकरणीय आहे.' मंगळवारी कोणीही काहीही वाटून घेतलेले नव्हते. वर्ग पुढच्या सोमवारी सुरू व्हायचा होता. जे होणार आहे ते झाले म्हणून लिहू नये, हे वार्ताहराला पहिल्या महिन्यात शिकवतात. मलाही शिकवले होते. पण वाक्य तसे चांगले दिसत होते.

कात्रण चर्चच्या दारावर लागले. दुसऱ्या गावच्या मंडळ्यांची पत्रे आली. नानांना चाळीसगावला याच विषयावर बोलायला बोलावले. मास्तरीणबाईंनी कात्रणाची एक प्रत माहेरी पाठवली. मी हे सांगतो आहे ते कोणाची थट्टा म्हणून नाही. आपण एक चांगली गोष्ट केली आहे असे त्या सगळ्यांना मनापासून वाटत होते. ती प्रार्थनेत अर्पण झाली होती आणि छापूनही आली होती. करायचे बाकी राहिले होते, पण तसे वाटायला काही जागा उरली नव्हती.

पहिला आठवडा नीट गेला. अक्का गाडीने जाई, येताना वहीत गाणी आणि कागदी चिमण्या घेऊन येई. वर्ग सुरू होण्याआधीच्या रविवारी आणि पहिला आठवडा संपल्यावरच्या रविवारी मी गेलो, आबांना आंघोळ घातली. त्या दुसऱ्या रविवारी अक्काने आम्हाला वर्गातले एक बडबडगीत हातवारे करून म्हणून दाखवले. आबा डाव्या हाताने टाळी वाजवायला पाहत होते. एका हाताची टाळी होत नाही हे लक्षात आल्यावर अक्काने आपला तळवा त्यांच्यासमोर धरला. आबांच्या झटक्यानंतरच्या आठ वर्षांत मी तिला इतकी मोकळी पाहिली नव्हती, आणि नंतरही पाहिली नाही.

दुसऱ्या आठवड्यात नाताळ जवळ आला. गायनाची तालीम, नाटकाची तालीम, येशूजन्माची गव्हाणी सजवणे. शेतावरून पोतेभर कापूस आणला होता. गव्हाणीभोवती बर्फ करायचा, मेंढपाळांना दाढ्या करायच्या. सोमवारी दुपारी कोणी आले नाही, सकाळच्या बाई जास्त थांबल्या. मंगळवारीही तेच. बुधवारी सकाळच्या बाई आल्या, पण स्वयंपाक चुलीवर होता म्हणून दहालाच गेल्या. तालमीमुळे बुधवारची प्रार्थनाही झाली नाही, दुपारी कोणी आले नाही, आणि अक्का आली तेव्हा आबा ओल्यात होते. त्या संध्याकाळी ती मास्तरीणबाईंकडे गेली.

"उद्या सकाळी तुमचा वार आहे."

"अगं माहीत आहे मला. समोरच तर राहते मी. तू गाडी चुकवू नकोस. तू नीघ, मी मागोमाग येते."

गुरुवारी अक्का पावणेसातपर्यंत दारात थांबली. मग निघाली. तो तिचा दहावा दिवस होता.

मास्तरीणबाई घरातून निघाल्या होत्या. वाटेत चर्चमधून हाक आली, गव्हाणीचा कापूस घसरतो आहे, पाच मिनिटे या. त्या गेल्या आणि कामात गुंतल्या. मग त्यांना वाटले, एव्हाना दुपारच्या माणसाची वेळ झाली असेल. दुपारचे माणूस म्हणजे दाऊदभाऊ. ते ठरल्या वेळी आले. दाराबाहेर त्यांना बाईच्या चपला दिसल्या. त्या अक्काच्या जुन्या चपला होत्या, वर्गाला ती नव्या घालून जात असे. दाऊदभाऊंनी समजून घेतले की मास्तरीणबाई आत आहेत. बाईमाणूस एकटे असताना आत जाणे बरे नव्हे, असे ते मानत. दार अर्धे लोटलेले होते; ते उंबऱ्यावरच थांबले.

आबा त्या वेळी जमिनीवर होते. पाण्याच्या तांब्याकडे हात नेताना ते खाटेच्या पलीकडच्या बाजूला पडले होते आणि दारातून दिसत नव्हते. किती वेळ पडले होते ते कळायला मार्ग नाही.

"कोन शे?" आबांनी विचारले.

"मी दाऊद, आबा. बाई आहेत ना आत? मग बरं. मी एक प्रार्थना करतो."

आणि त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. आजाऱ्यासाठी आणि आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांसाठी. आबांना तहान लागली होती, उजवा खांदा अंगाखाली दबला होता. पण समोर प्रार्थना चालू होती. तीस वर्षांत त्यांनी कोणाची प्रार्थना मध्ये तोडली नव्हती. त्यांनीही डोळे मिटले आणि शेवटी "आमेन" म्हटले. ते डोळे उघडून पाणी मागेपर्यंत दाऊदभाऊ पायऱ्या उतरून गेले होते.

संध्याकाळी सहाला अक्का आली. पुढचे तिने मला पुष्कळ दिवसांनी, एका वाक्यात सांगितले: "आबा म्हणाले, दाऊदनी प्रार्थना करी, पानी नही दिन्हं."

शुक्रवारी खांदा सुजला होता. अक्का वर्गाला गेली नाही. शनिवारी नाही, सोमवारी नाही. लागोपाठ तीन दिवस न कळवता गैरहजर राहिले की नाव काढत, तसे काढले. यातले मला काही माहीत नव्हते. त्या रविवारी जळगावात एका पुढाऱ्याची सभा होती आणि त्यानंतरच्या रविवारी मला कंटाळा आला होता.

नाताळला मी गेलो. वर्षातून त्या एका दिवशी आबांना खाटेसकट चर्चमध्ये नेत. त्या दिवशी चार माणसे सहज मिळत. नवे कपडे घातलेले चौघे खाट उचलत, बाकीचे बाजूने गात चालत. त्या वर्षी चौघांत मी होतो, दाऊदभाऊही होते. खाट कापसाच्या गव्हाणीशेजारी ठेवली. आबांचा खांदा बांधलेला होता. मी विचारले तर अक्का म्हणाली, "पडले होते."

उपदेशानंतर नाना म्हणाले की या वर्षी मंडळीने जी सेवा केली तिची साक्ष आपल्या भगिनीने द्यावी. साक्ष म्हणजे उभे राहून, प्रभूने आपल्यासाठी काय केले ते सांगायचे. लोक माना वळवून अक्काकडे प्रेमाने पाहू लागले. ती उठली. पदर सारखा केला.

"पहिल्या आठवड्यात बारा वेळा माणसं यायची होती," ती म्हणाली, "ती बारा वेळा आली. त्यांचे आभार. दुसऱ्या आठवड्यात गुरुवारपर्यंत आठ वेळा यायची होती. तीन वेळा आली. गुरुवारी मास्तरीणबाई आल्या नाहीत. दाऊदभाऊ दारापर्यंत आले, प्रार्थना करून गेले. आबा जमिनीवर होते. रविवार माझ्या भावाचा होता. चार रविवारांत तो दोनदा आला. माझं नाव वर्गातून काढलंय. साक्ष एवढीच."

आवाज चढला नव्हता, रडणेही नव्हते. बातमी कशी लिहावी याचा तो नमुना होता. ती खाली बसली. साक्ष संपली की पाळकाने जे म्हणायचे असते ते नाना सवयीने म्हणाले, "आमेन." आणि सगळी मंडळी सवयीने म्हणाली, "आमेन." मीही म्हणालो. मग दाऊदभाऊंनी पेटी ओढली आणि पुढचे गीत सुरू झाले. दोन ओळी त्यांचा सूर लागला नाही, हे नोंदले पाहिजे.

नवीन वर्षात मी संपादकांना सांगितले की धुळ्याची ती बातमी चुकीची होती, खुलासा द्यावा. त्यांनी विचारले, "कोणाची तक्रार आली आहे?" मी म्हणालो, नाही. "मग खुलासा कशाचा? चांगली बातमी आहे, राहू द्या." मी तरी चार ओळी लिहिल्या आणि धुळ्याला जाऊन अक्काला दाखवल्या. तिने वाचून परत दिल्या.

"लिहू नको. रविवारी येत जा."

दोन महिने मी जवळजवळ प्रत्येक रविवारी गेलो. मार्चमध्ये जामनेरला मंत्र्यांचा दौरा होता. एप्रिलमध्ये लग्नसराई. मे महिन्यात मी गेलो तेव्हा आबांची पुरी आंघोळ आदल्या दिवशीच खाटेवर ओल्या फडक्यांनी झाली होती. अक्काने एका माणसाला झेपेल अशी शनिवारची पद्धत बसवली होती. तिने मला काही विचारले नाही. आबा आणखी चार वर्षे होते. दरवर्षी हंगामाच्या सणाला चिठ्ठ्या पडत, त्यांवर प्रार्थना होई. आमच्या मंडळीला प्रार्थना येत नव्हती असे कोणी म्हणू नये. ती फार चांगली येत होती. चौघांनी त्या बाजेचा एकेक खूर धरला होता, तेव्हा त्यांच्यापैकी एकाचाही हात जोडायला मोकळा नव्हता, एवढेच माझ्या लक्षात यायला दहा वर्षे गेली.

आबा गेल्यावर मिशनची खोली सोडावी लागली. अक्का पिंप्राळ्याला माझ्याकडे आली. इथे तीन घरे सोडून एक मारवाडी कुटुंब राहते. नवरा दिवसभर दुकानात, सासू दोन वर्षे अंथरुणावर, सून कमला एकटी. अक्का रोज बारा ते तीन तिथे जाते. आपल्या चपला उंबऱ्याबाहेर ठेवत नाही, हातात धरून आत नेते. सासूला वळवते, भांडे देते, पाणी पाजते. कमला त्या वेळात झोपते. एकदा कमलाने विचारले होते, "अक्का, तुमच्या धर्मात याचं पुण्य असतं का?" अक्का म्हणाली, "असेल. तू आधी झोप." रविवारी अक्का चर्चला जाते, मागच्या बाकावर बसते. कमलाच्या घरी जाते हे तिने तिथे कोणाला सांगितलेले नाही. मला तर मुद्दाम बजावले आहे की हे कुठे छापायचे नाही. आज मी तेही मोडतो आहे.

काल तिच्या अंगात ताप होता. साडेअकराला ती उठून बसली आणि केस बांधू लागली. मी म्हणालो, "तू पड. आज मी जातो तुझ्याऐवजी. तीन तासच तर बसायचं आहे."

"तू नको."

"का? मी बसेन की नीट."

"तू बसशीलही, शमू," ती म्हणाली. राग नव्हता. पिन तोंडात धरून ती बोलत होती. "पण मला इथे झोप लागायची नाही."

गोळी घेऊन ती निघाली. बाराला दहा मिनिटे कमी होती.